ओला कागद, कोरडा राग

पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर भागात आषाढात कुठेही वळा, गणपतीच भेटतात. पडवीत गणपती, माळ्यावर गणपती, प्लास्टिकखाली ओळीने गणपती. कारखान्यात ज्या टेबलावर बिलं होतात तिथेही एखादी कच्ची मूर्ती बसलेली असते आणि तिच्या शेजारी प्रिंटर. मूर्ती प्रसन्न, प्रिंटर रुसलेला.

त्याच्या रुसण्याचे प्रकार ठरलेले. कधी अक्षर इतकं फिकं, की व्यापाऱ्याला रक्कम अंदाजानेच वाचावी लागते. आणि व्यापाऱ्याचा अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतो. कधी दोन कागद एकमेकांना बिलगून आत शिरतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. कधी बिल बाहेर येतं ते सुरळी होऊनच.

मग उपचार सुरू. आधी बाजूला एक थाप. मग बंद-चालू. मग कार्ट्रिज काढून हलवणं. टोनर संपत आला असेल तर हलवल्यावर खरंच चार पानं निघतात, त्यामुळे या उपायावरची श्रद्धा अढळ आहे. शेवटी कोणीतरी म्हणतंच, "दादा, आता नवीन मशीन घ्या."

कागदाकडे मात्र कोणी बघत नाही. ५०० पानांचं रिम फोडून खिडकीशी उघडं पडलेलं आणि बाहेर कोकणातला पाऊस! लेझर प्रिंटरची सगळी करामत स्थिर विजेची. टोनरची पूड विजेच्या भारामुळे ड्रमला चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की होते. दमट कागद हा भार नीट धरत नाही, म्हणून अक्षर फिकं. रोलरखाली त्यातल्या पाण्याची वाफ होते, म्हणून सुरळी आणि सुरकुत्या. याच तत्त्वावर चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कच्या अस्टोरियात पहिली प्रत उमटवली. तो प्रयोग त्यांनी जोह्यात, आषाढात केला असता तर आपण अजून कार्बन पेपरच वापरत असतो.

गंमत म्हणजे हे शास्त्र इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ओल्या मूर्तीवर रंग धरत नाही, पोपडे सुटतात. म्हणून पावसाळ्यात मूर्तींसमोर दिवे आणि पंखे लागतात. तोच न्याय कागदालाही लागू आहे, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

मशीनचे दोष नसतातच असं नाही. एकच डाग पानावर सारख्या अंतराने उमटत असेल तर बहुधा ड्रमला ओरखडा आहे. बोट फिरवल्यावर अक्षर पुसलं जात असेल तर रोलर पुरेसा तापत नाही. कारखान्यातली प्लास्टरची धूळ कागद ओढणाऱ्या रबरावर बसली की त्याची पकड सुटते; मशीन बंद करून ते रबर किंचित ओल्या फडक्याने पुसावं.

तेव्हा मंडळी, रिम लागेल तेवढंच उघडा, उरलेलं वेष्टनासकट गुंडाळून कपाटात ठेवा. अडकलेला कागद मशीन बंद करून, दोन्ही हातांनी हळू ओढा. फाटलेला तुकडा आत राहिला तर तो पुढच्या कागदांनाही अडवतो. मेकॅनिकला फोन करण्याआधी नव्या रिममधली चार पानं घालून बघा. तरीही अक्षर फिकंच आलं तर दोष मशीनचा. थाप मात्र तेव्हाही मारू नये.