घरी नेट कसं घ्यावं (दरेकसा आवृत्ती)

घरी नेट घेण्याबद्दलचा कुठलाही सल्ला एकाच वाक्याने सुरू होतो: आधी सगळ्या कंपन्यांचे प्लॅन शेजारी शेजारी मांडून तुलना करा. पुण्यामुंबईच्या नवशिक्याने खुशाल तिथून सुरुवात करावी. दरेकसाच्या नवशिक्याने मोबाइल हातात धरून घराभोवती एक चक्कर मारावी आणि कुठल्या सिमला किती काड्या येतात ते पाहावं. ज्याच्या काड्या येतात, त्याचा प्लॅन तुमचा. तुलना संपली.

काड्या मोजताना उगाच घाबरू नये. दरेकसा हे गाव महाराष्ट्राच्या टोकाला आहे. रेल्वेचा बोगदा ओलांडला की बोरतलाव, पुढे डोंगरगढ, म्हणजे छत्तीसगड. दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. माळावर चढलात आणि परराज्यात स्वागत करणारा मेसेज आला, तर निवांत राहा. रोमिंगचे वेगळे पैसे पडण्याचे दिवस गेले. परकी असली तरी काडी ती काडी. (हाजरा धबधब्यावर मात्र रेंज शोधत बसू नये. तिथे धबधबा पाहावा.)

आता दर. इथे नवशिका हमखास चकतो, कारण आपल्याकडचा डेटा खरोखरच जगातल्या स्वस्तांत मोडतो. तेव्हा 'महाग आहे' अशी तक्रार करू नका, कुणी ऐकणार नाही. फक्त जुलै 2024 आठवा. 3 तारखेला जिओ आणि एअरटेलचे दर वाढले, 4 तारखेला व्होडाफोन आयडियाचे. वाढीनंतर तिघांकडेही 28 दिवसांचा एकेक प्लॅन 299 रुपयांना आला. याला तिघांची स्पर्धा म्हणतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 297 रुपये होती. म्हणजे एक पूर्ण दिवस माती उपसा, वरून दोन रुपये घरचे घाला, की एक रिचार्ज. पुढच्या वर्षी मजुरी 312 झाली आणि मजूर 13 रुपयांनी पुढे गेला. दुकानदाराकडे हे बोलून दाखवू नये. त्याला कमिशन तुटपुंजंच मिळतं.

हे दर कोण ठरवतं, असं नवशिके विचारतात. कंपनी ठरवते. ट्राय नावाची नियामक संस्था दिल्लीत आहे, पण दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना आहे. ठरवून झाले की सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. लग्न ठरवून झाल्यावर मामाला पत्रिका द्यावी, तसं.

महिना मोजायलाही नव्याने शिका. रिचार्जचा महिना 28 दिवसांचा, म्हणून वर्षात असे महिने 13. पंचांगातला अधिक मास साधारण तीन वर्षांनी येतो, कंपन्यांचा दरवर्षी. 299 गुणिले 13 म्हणजे 3887 रुपये. 2022 साली ट्रायने फर्मावलं की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी 30 दिवसांचा प्लॅन ठेवलाच पाहिजे. ठेवलाय. नाव घेऊन विचारलात तर मिळतोही.

हे झालं मोबाइलचं. घरी वायरचं किंवा हवेतलं नेट हवं असेल तर जाहिरातीतला आकडा वाचून त्यात 18 टक्के जीएसटी मिळवायला विसरू नका. 399 चे 470 रुपये 82 पैसे होतात. जिओचं एअरफायबर 2023 साली गणेश चतुर्थीला 599 पासून सुरू झालं, ते 706 रुपये 82 पैसे. 'अमर्याद' शब्दापुढे तारा असेल तर खाली बारीक अक्षरात मर्यादा लिहिलेली असते, वायरच्या नेटला बहुधा 3300 जीबी. 30 एमबीपीएसचा वेग अहोरात्र पुरेपूर मिळाला तर ती दहाएक दिवसांत संपते. दरेकसात तेवढी काळजी नको.

वडीलधारे म्हणतील, आमच्या वेळी याहून वाईट होतं. खरं आहे. तेव्हा लँडलाइनच्या बाजारात सरकारचाच वरचष्मा होता. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. 256 केबीपीएस, महिना 500 रुपये, त्यात मोजका डेटा, पुढच्या प्रत्येक एमबीचे पैसे वेगळे. मध्यरात्री दोन ते सकाळी आठ मात्र फुकट! देशातली शहाणी पोरं अलार्म लावून दोनला उठायची, डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपायची. एवढ्या पहाटे अभ्यासाला कुणी उठल्याचं ऐकिवात नाही. डेटावनसाठी घरात लँडलाइन लागायची, आणि लँडलाइनसाठी रस्त्यावर खांब.

मग 2016 आलं. जिओने आधी वर्षअखेरपर्यंत आणि मग मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट वाटलं. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. जून 2017 मध्ये आयोगाने सांगितलं की कालपरवा आलेली कंपनी बाजारात प्रबळ नाही, मग प्रबळपणाचा गैरवापर कसला? तर्क बिनतोड होता. आज मोबाइल धरून देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी साधारण निम्मे एकट्या जिओचे आहेत. नवशिक्याने यातून एवढंच टिपून ठेवावं की प्रबळ आहे का, हा प्रश्न फुकट वाटपाच्या वेळी विचारतात आणि बिल नंतर येतं.

दरेकसाकराला खरा राग यावा तो वेगळ्याच गोष्टीचा. गाव हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे, आणि असल्या मार्गांच्या कडेने रेलटेलचं फायबर जातं. म्हणजे अख्ख्या देशाची माहिती रुळांशेजारून धावते. बहुतेक एक्स्प्रेसही अशाच धावतात, न थांबता.

भारतनेटचंही विचारून घ्या. ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालं तेव्हा दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर मिळणार होतं; ऑगस्ट 2023 मध्ये त्याच योजनेसाठी सुमारे 1 लाख 39 हजार कोटी नव्याने मंजूर झाले. कुठल्याही ग्रामपंचायतीत गेलात तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: नेटचा डबा आहे का, आणि त्याचा दिवा लागतो का. तिसरा प्रश्न, डब्यापासून माझ्या घरापर्यंत वायर कोण ओढणार, तो सरपंचांचा मूड पाहून.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर धानाचा हंगाम येऊ द्या. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, आणि लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा ओटीपी ठराविक वेळेतच यावा लागतो. माघ पौर्णिमेला शेजारच्या कचारगडच्या यात्रेला लाखोंची गर्दी लोटते, तेव्हा ही कामं काढू नयेत. सगळे फोन त्याच टॉवरला लटकलेले असतात.

शेवटची पायरी. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाका. 'आपल्या भागात सेवा लवकरच' असं आलं तर तिथे मोबाइल नंबर देऊन ठेवा, सेवा आली की ते कळवतात. मात्र तोवर त्या नंबरचा रिचार्ज दर 28 दिवसांनी करत राहा. बंद पडलेल्या नंबरावर कळवणार कसं?