नारिंगी जाकीट, निळी जीन्स

अमेरिकेत नोव्हेंबर आला की हरणांच्या शिकारीचा हंगाम भरात येतो. दुकानांत तेव्हा कपड्यांवर अख्खं जंगल लटकलेलं असतं. ओकच्या पानांची जाकिटं, वाळल्या गवताच्या पँटी, झाडाच्या सालीची टोपी. पैशाचं पाकीटसुद्धा त्याच छापाचं. पाकीट तर खिशात राहतं. त्यावरची पानं कुठल्या हरणाला दिसणार?

गिऱ्हाइकाला दिसतात. दुकानदाराला तेवढं पुरतं.

हा धंदा फार जुना नाही. जिम क्रमली नावाच्या शिकाऱ्याने झाडाच्या सालीसारखं दिसणारं ‘ट्रीबार्क’ कापड आणलं ते १९८० च्या सुमारास. १९८६ मध्ये मिसिसिपीत ‘मॉसी ओक’ आणि जॉर्जियात ‘रिअलट्री’ या कंपन्या सुरू झाल्या. त्याआधी पेनसिल्व्हेनियातला शिकारी लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट घालून रानात जायचा आणि हरीण घेऊन घरी यायचा. आपल्याकडच्या जिम कॉर्बेटचे फोटो पाहा. खाकी अर्धी चड्डी, साधा शर्ट, डोक्यावर हॅट. एवढ्यावर त्याने नरभक्षक वाघांचा माग काढला.

मग तेव्हाची जनावरं काय आंधळी होती?

मुळीच नव्हती. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोन. निळा रंग त्याला उत्तम कळतो. तांबडा, नारिंगी आणि हिरवा मात्र त्याला जवळजवळ सारखेच. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणांवर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी हे १९९० च्या दशकातच दाखवून दिलं. तरीही शिकारी सक्तीचं भडक नारिंगी जाकीट घालताना कुरकुरतो आणि खाली खुशाल निळी जीन्स चढवतो. हरणाच्या डोळ्याला जाकीट विझलेलं असतं आणि जीन्स पेटलेली.

पुढची गंमत धुलाईत आहे. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत एक रसायन घालतात. आपल्याकडे टिनोपाल आणि राणीपाल याच कामासाठी घरोघरी होते. हे रसायन अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. हरणाचा डोळा नेमका याच टोकाला तरबेज, तोही पहाटे आणि तिन्हीसांजेला, शिकारीच्या ऐन वेळी. म्हणजे भारी किमतीचा छापील पालापाचोळा घ्यायचा आणि पहिल्याच धुलाईत त्याला निळी झळाळी आणायची.

हे सगळं रंगाचं झालं. पण हरीण रंगावर जगतं कुठे?

ते जगतं नाकावर, कानांवर आणि हालचालीवर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे पाठीमागचा थोडा भाग सोडला तर सगळीकडचं त्याला दिसतं. बारीक नक्षी त्याला आपल्याइतकी स्पष्ट दिसत नाही, म्हणजे जाकिटावरच्या पानांच्या शिरांवर केलेली कलाकुसर वायाच. पण तुम्ही मान वळवली, हात उचलला, की संपलं. वाऱ्याचा रोख तुमच्याकडून त्याच्याकडे असेल तर मान वळवायचीही गरज नाही.

वाऱ्यावर छाप मारून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात नसते.

रंगाने लपता येतं की नाही, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. अ‍ॅबट थेअर नावाच्या चित्रकाराने १९०९ च्या ग्रंथात मांडलं की प्राण्यांचे रंग हे लपण्यासाठीच असतात. फ्लेमिंगो गुलाबी का? सूर्यास्ताच्या आभाळात मिसळून जावा म्हणून! थिओडोर रूझवेल्ट तेव्हा राष्ट्राध्यक्षपदावरून नुकते उतरले होते आणि शिकारीत मुरलेले होते. १९११ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक पानं लिहून या मताचा समाचार घेतला. माळावरचं जनावर लपून जगत नाही, सावध राहून जगतं, हा त्यांचा रोख. थेअरचं सगळंच चुकलं नव्हतं; पोट फिकं आणि पाठ गडद असली की सावली पुसली जाते, हे त्याचं निरीक्षण आजही मान्य आहे. पण एका खऱ्या गोष्टीवरून सगळी सृष्टी रंगवायला निघालं की गुलाबी फ्लेमिंगो हाती लागतो.

तर कपडे अगदीच निरुपयोगी? तेही नाही. प्रश्न सावजाचा आहे.

पक्ष्यांच्या डोळ्यात रंगपेशी चार प्रकारच्या. रानटर्की आणि बदक यांना रंग आपल्याहून जास्त कळतात. तिथे चेहऱ्यापासून बोटांपर्यंत झाकून घेणाराच शहाणा. धनुष्यबाण घेऊन वीस-पंचवीस पावलांवर बसणाऱ्यालाही अंगाची आकृती मोडणारे कपडे कामी येतात. पण रायफल घेऊन दूरवरून नेम धरणाऱ्याला? त्याने साधा मळखाऊ कोट घालून स्थिर बसावं. जमत नसेल तर कापड बदलून काही होणार नाही.

रायफलवाल्याला खरी भीती हरणाने पाहण्याची नसतेच. भीती असते दुसऱ्या रायफलवाल्याने न पाहण्याची.

म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी कपडा सक्तीचा आहे. विस्कॉन्सिनमध्ये कमरेवरचा निम्मा पोशाख त्या रंगाचा लागतो. २०१६ पासून तिथे झगझगीत गुलाबीही चालतो. हरणाला जो रंग उठून दिसत नाही आणि माणसाला लांबूनही दिसतो, असा रंग हाताशी आहे. यात कुरकुर करण्यासारखं काय आहे? अंगावर नारिंगी नसलेला माणूस झुडपाआड हलला आणि कोणाचं तरी बोट चापावर गेलं, तर छापाची किंमत कोण मोजणार?

नारिंगी रंगाची बाजू खुद्द वाघ घेतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकावर पडताळून पाहिलं, की दोनच रंगपेशींच्या डोळ्याला वाघ कसा दिसत असेल. उत्तर आलं, रानाच्या हिरवळीत मिसळलेला. आपल्याला झगमगणारा वाघ चितळाला हिरवट दिसतो, वर पट्टे त्याची आकृती मोडतात. याहून सरस पोशाख कुठल्या कारखान्यात निघणार?

आणि तरीही वाघाच्या बहुतेक झडपा फुकट जातात. एक काडी मोडते, वानर खाकरतं, चितळ कुकारतं, कळप पसार.

रान जाणणाऱ्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या एका शाखेची नोंद आहे. ही माणसं बैलाच्या आडोशाने सावजापर्यंत जात. चरणाऱ्या गुराला हरीण बुजत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हरणाची सवय ओळखली, कापडावर दमडी खर्च केली नाही. इंग्रजांनी याच पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. मचाणावर बसून, हाकाऱ्यांकरवी रान उठवून वाघ मारणारे साहेब मात्र खिलाडू ठरले. कायद्यातला तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. लोकांच्या मनातून आणि पोलीस चौकीतून तो अजून गेलेला नाही, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

आपल्याकडे शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाने देण्याची वाटही बंद झाली. योग्यच झालं. मग ताडोबाच्या फाटकावर पहाटे साडेपाचला पर्यटकांच्या अंगावर पानांचा आणि मिलिटरी छाप कशासाठी?

उघडी जिप्सी, डिझेल-पेट्रोलचा वास, सहा माणसं, त्यांची अत्तरं, त्यांची कुजबुज. खाली उतरायला बंदी, म्हणजे झाडीत मिसळायचा प्रश्नच नाही. वाघाने जिप्सी लहानपणापासून पाहिलेली असते. तिच्यात बसलेल्याच्या शर्टावर पानं आहेत की चौकडा, याने त्याचं काय बिघडतं? मिसळायचंच असेल तर जिप्सीला पानं लावावी लागतील.

लष्कराच्या छापाचं तर नावच काढू नये. सैन्यदलाने १५ जानेवारी २०२२ ला नवा गणवेश दाखवला आणि पुढे त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणी केली. सैनिक नसताना लोकांनी सैनिक समजावं म्हणून तसा पोशाख घालणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पर्यटकाचा तसा हेतू नसतो. पण ज्या कपड्यात कोणी सीमेवर उभं आहे, तो कपडा वाघासोबत सेल्फीसाठी हवाच का?

आता ३१ डिसेंबर २०२४ ची गोष्ट आठवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या कोंडाळ्यात सापडले. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वनखात्याने चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई केली. त्या दिवशी जिप्सीत बसलेल्यांच्या शर्टाचा रंग कोणी विचारला नाही. कारण तो मुद्दाच नव्हता.

येत्या सुट्टीत ताडोबाला किंवा पेंचला निघणार असाल, तर नवे कपडे घेऊ नका. कपाटातला जुना मळखाऊ शर्ट पुरे. अत्तर घरी ठेवा, तोंड बंद ठेवा, बूड जागेवर ठेवा. आणि वाघीण पिल्लं घेऊन रस्त्यावर आली की चालकाला ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणू नका. ‘गाडी मागे घ्या’ म्हणा.