फाटे फुटायचेच

एखाद्या गोष्टीचे दूरवरचे परिणाम सांगायचे झाले की इंग्रजी शिकलेला माणूस 'रॅमिफिकेशन' म्हणतो आणि समोरचा गप्प बसतो. शब्दाचं मूळ मात्र अगदी गावठी आहे. लॅटिनमध्ये 'रामुस' म्हणजे झाडाची फांदी. त्यावरून फांद्या फुटणं आणि पुढे त्यावरूनच परिणाम. आपल्याकडे हेच काम 'फाटा' वर्षानुवर्षं करतो आहे, पण बिनपगारी असल्यामुळे त्याला कोणी भाव देत नाही.

फाटा निघाला फाटण्यातून, आणि फाटण्याचं कूळ संस्कृतातल्या 'स्फट्' धातूपर्यंत जातं. म्हणजे मुळातच मोडतोड. त्यात आपण फाटे नुसते काढत नाही, फोडतो. वर गंमत अशी की 'फाटा देणे' म्हणजे गोष्ट गाळून टाकणे आणि 'फाटे फोडणे' म्हणजे नसती गोष्ट वाढवून ठेवणे. एकाच शब्दाच्या ह्या दोन टोकांमधून मराठी वक्ता आरामात ये-जा करतो. 'वेळेअभावी मी प्रास्ताविकाला फाटा देतो,' असं म्हणून तो जे फाटे फोडायला लागतो, ते मागच्या रांगेतल्यांनी भोजनाकडे कूच केल्यावरच थांबतात. लाकूडफाटा, फौजफाटा वगैरे मंडळी वेगळीच. लग्नघरी पूर्वी ह्या दोन्हींची सोय करावी लागे. आता गॅस आल्यामुळे फौजफाट्याची तेवढी करावी लागते.

पण फाट्याचा खरा संसार रस्त्यावर. मूळ गाव आत कुठेतरी झाडीत असतं आणि त्याच्या नावावर फाटाच भाव खात असतो. जुन्नर तालुक्यातलं आळे घ्या. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले, त्याची समाधी आळ्यात आहे असं मानतात. एवढं पुण्य गावाच्या गाठीशी! तरी पुणे-नाशिक रस्त्यावर कल्याण-नगरचा रस्ता येऊन मिळाला आणि नाव झालं आळेफाट्याचं. एसटीत 'आळेफाटा एक' म्हणणारे मिळतात, रेड्याची चौकशी करणारा क्वचित. नाशिकरोडच्या सिन्नर फाट्याची तऱ्हा तर त्याहून न्यारी. फाट्यावर उतरून 'सिन्नर कुठंय?' विचारलं तर लोक दयेने बघतात. सिन्नर अजून वीस किलोमीटरच्या वर राहिलेलं असतं. कोकणी माणूस त्यातल्या त्यात सावध. तो तीन रस्ते मिळतात त्याला सरळ 'तिठा' म्हणतो. हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता वळतो, एवढाच मजकूर; फोडायला जागा नाही.

देशावरच्या नातेवाइकाने 'फाट्यावर उतरा, तिथून घर पाच मिनिटांवर आहे' असं सांगितलं तर ती पाच मिनिटं मोटारसायकलवरची समजावीत, आणि मोटारसायकल त्याच्या मेहुण्याने नेलेली असते. फाट्यावर एक रसवंती, एक पंक्चरवाला आणि फ्लेक्सवर हात जोडलेले सात-आठ भावी सरपंच. रस्ता विचारावा तर रसवंतीवाला उसाची कांडी चरकात सरकवता सरकवता म्हणतो, 'कोणाकडं? मधल्या आळीतले का मळ्यातले?' आपण म्हणतो, मळ्यातले. 'थोरल्याकडं का धाकट्याकडं? कारण त्यांचं वाटणीवरून फाटलंय.' पाहुणा अजून गावात पोचलेला नसतो, पण खटल्याची पुढची तारीख त्याला कळलेली असते.

ही फाटे फोडण्याची कला शिकून येत नाही, ती शरीरातच असते. खालच्या जबड्याच्या हाडाचा जो भाग कानाच्या दिशेने वर चढतो, त्याला वैद्यकात 'रॅमस' म्हणतात. म्हणजे तीच लॅटिन फांदी! निसर्गाने प्रत्येकाच्या जबड्याला दोन्हीकडून एकेक फाटा बसवूनच पाठवलंय. आमच्या सोसायटीतल्या काही सभासदांना चार असावेत.

मागच्या सर्वसाधारण सभेत विषय एकच होता: गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलंय, नवं आणायचं. सचिवांनी 'मंजूर?' म्हणून पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, 'मुळात ते फुटलं कसं?' त्यावरून गच्चीवर कोण जातं, त्यावरून गच्चीची किल्ली, किल्लीवरून तिसऱ्या मजल्यावरचे पापड, पापडांवरून कबुतरं, कबुतरांना दाणे घालणाऱ्या वहिनी, आणि वहिनींच्या चारचाकीने अडवलेलं पार्किंग. तिथून सभा परत झाकणाकडे येईना. अखेर तिघांची उपसमिती नेमून चहा मागवला.

उपसमितीत पहिल्याच आठवड्यात फाटाफूट झाली. दोघं प्लॅस्टिकच्या झाकणाचे, एक जण लोखंडी म्हणून बाहेर पडला. इथे निवृत्त अवर सचिव असलेल्या आमच्या अण्णांना कंठ फुटला. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार एकदम वेगळे झाले तर ती रीतसर 'फूट' धरायचे आणि त्यांची आमदारकी वाचायची. एकटादुकटा गेला तरच तो पक्षांतरवाला. घाऊक मालाला सूट, किरकोळीला दंड. 'तिघांत एक म्हणजे बरोबर एक तृतीयांश,' अण्णा म्हणाले, 'तेव्हा ह्यांचं सदस्यत्व शाबूत आहे.' काका कसले ऐकतात! ती सवलत 2003 च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, हे त्यांनी मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचून दाखवलं. आता हा मुद्दा पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर आहे. झाकण सातव्या. टाकीवर सध्या वहिनींचा पोळपाट ठेवलाय, आणि तो परत कधी मिळणार हा आठवा.