मागे कसे जावे : गोल्फच्या पहिल्या हालचालीचे शास्त्र (साडूसह)

गोल्फमध्ये चेंडू पुढे जावा यासाठी क्लब आधी मागे न्यावा लागतो. मागे नेतानाच्या पहिल्या दीड-दोन फुटांना टेकअवे म्हणतात. नियमावलीच्या लेखी या हालचालीला सहसा काडीची किंमत नसते. चेंडू मारण्यासाठी क्लब पुढे येतो तो 'स्ट्रोक'. मागे जाताना तुम्ही क्लब वाकडा न्या, तिकडा न्या, नाहीतर मध्येच थांबून शिंका, कार्डावर आकडा पडत नाही.

आमच्या साडूबुवांना हे मान्य नाही. ते निवृत्त अभियंते आहेत. नोकरीत होते तोवर ते पुलांची काळजी करत. आता नातेवाइकांच्या टेकअवेची करतात. पुढील नियम त्यांच्याच देखरेखीखाली, रविवारी भल्या पहाटे, सरावाच्या रेंजवरच्या हिरव्या चटईवर तयार झाले आहेत. ज्यांना साडू नाहीत त्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

नियम १. पकड. क्लब सैल धरावा. मूठ आवळली की मनगट ताठरतं, मनगट ताठरलं की खांदा, आणि मग क्लब मागे जात नाही, उपटला जातो. साडूबुवा "सैल! सैल!" असं ज्या आवाजात ओरडतात, तो ऐकून शेजारच्या चार जणांच्या मुठी आवळलेल्या मी पाहिल्या आहेत.

नियम २. मुहूर्त. पुतळ्यासारखं उभं राहून एकदम सुरुवात करू नये, धक्का बसतो. अंगात आधी काहीतरी हलतं हवं. दिग्गज खेळाडूंपैकी गॅरी प्लेअर उजवा गुडघा किंचित आत ढकलत. जॅक निकलस हनुवटी उजवीकडे वळवत, शिवाय क्लब जमिनीला न टेकवता अधांतरी धरत, म्हणजे तो गवतात अडायला नको. बेन होगन क्लब मागे-पुढे झुलवून पाहत, आणि १९५७च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात त्यांनी या झुलवण्यालाही धड्यात मानाचं स्थान दिलं आहे. तिघांपैकी कोणाचंही एक घ्यावं.

साडूबुवा तिन्ही घेतात. गुडघा, हनुवटी, झुलवणं, मग टोपी सारखी करणं, चष्मा वर सरकवणं, वाऱ्याचा अंदाज, आणि पुन्हा गुडघा. खेळाडूने ४० सेकंदांच्या आत चेंडू मारावा, अशी नियमावलीची शिफारस आहे. शिफारसच आहे हे त्यांनी नीट वाचून ठेवलंय. मागून येणारे चौघे तेवढ्यात एकमेकांच्या मुलांच्या लग्नांपर्यंत पोचतात.

नियम ३. त्रिकोण. हा मुख्य नियम. खांदे आणि दोन्ही हात मिळून एक त्रिकोण होतो. खांदे वळले की त्रिकोण वळतो, आणि त्याच्याबरोबर क्लब जातो. नुसत्या हातांनी क्लब ओढायचा नाही, नुसत्या मनगटांनी फिरवायचा नाही. होगन यांच्या मते आधी पंजे, मग बाहू, मग खांदे. पण इतक्या थोड्या अंतराने की जवळजवळ एकदमच. हा क्रम मनात म्हणत बसलं तर 'खांदे' म्हणेपर्यंत क्लब डोक्यावर पोचलेला असतो. म्हणून एकदमच न्यावा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. मनगटं वळतात आणि क्लबचं डोकं सुरुवातीलाच अंगामागे पळतं. तिथून परत यायला सरळ वाट नसते. मग माणूस वरून खांदा टाकतो, क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. अंघोळीपर्यंत आपण दोष देतो तो डाउनस्विंगला, म्हणजे क्लब खाली आणण्याला. तो बिचारा पहिल्या दोन फुटांनी केलेला घोळ निस्तरत असतो.

तपासणी अशी : क्लबचा दांडा जमिनीला समांतर झाला की तिथेच थांबावं. दांडा लक्ष्याच्या रेषेलाही समांतर हवा. मागे उभ्या असलेल्या माणसाला क्लबचं डोकं आपल्या हातांना झाकताना किंवा त्यांच्या किंचित बाहेर दिसावं, अंगामागे नाही. क्लबचा चेहरा आकाशाकडे उघडलेला नसावा. आपली पाठ जितकी झुकली आहे साधारण तितकाच तो खाली झुकलेला असावा. मागे उभा राहायला माणूस लागतो, ही या तपासणीतली एकमेव अडचण. आमच्याकडे तो आपणहून येतो.

नियम ४. बेंबीचा सराव. क्लब खाली, दांड्यावर धरावा आणि मुठीकडचं टोक बेंबीला टेकवावं. आता टोक न सोडता खांदे वळवावेत. हात एकटेच पळाले तर टोक लगेच सुटतं. अंग वळलं तर सुटत नाही. सराव बिनखर्चाचा आणि खरोखर गुणकारी आहे. साडूबुवांच्या बाबतीत टोक आपोआपच टेकलेलं राहतं, त्यामुळे त्यांचा निकाल कायम शंभर टक्के.

नियम ५. डोकं. हलवू नये. वापरूही नये.

नियम ६. वेग. सावकाश, पण भिंतीला रंग द्यायला निघाल्याइतकं सावकाश नाही. उत्तम खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे जायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ खाली यायला लागतो. पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली. या पाऊण सेकंदासाठी साडूबुवांनी मला आजवर दिलेल्या सूचना सलग वाचल्या तर दिवाळी अंक होईल.

नियम ७. अपवाद. व्यावसायिक गोल्फपटू जिम फ्युरिक यांचा क्लब वरच्या सगळ्या नियमांना वळसा घालून बाहेरच्या बाजूने उभा वर जातो आणि तिथून गिरकी घेऊन खाली येतो. याच स्विंगने ते २००३ची यूएस ओपन जिंकले, आणि २०१६मध्ये पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटके ही आधी कोणीच न केलेली कामगिरी त्यांनी केली. कारण त्यांची गिरकी दर वेळी तीच असते.

साडूबुवांचाही क्लब बाहेरून उभा जातो. मी एकदा बोट दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "ती फ्युरिक पद्धत आहे." होगन दुसऱ्यांसाठी, फ्युरिक स्वतःसाठी. आणि वैताग असा, की त्यांचा तो वेडावाकडा फटका रोज तसाच वेडावाकडा असतो, आणि रोज फेअरवेच्या कातरलेल्या गवतावर पडतो.

नियम ८. सल्ला. एका वेळी एकच घ्यावा, आणि तोही रेंजवर. मैदानावर कोणी तोंड उघडलं तर बुटाची नाडी बांधायला बसावं.

साडू मात्र बदलू नये. माणूस गुडघेदुखी असताना वाकून वाकून आपल्यासाठी बादलीतला एकेक चेंडू चटईवर ठेवतो, ठेवताना कण्हतो, आणि आपला एखादा फटका सरळ गेला की स्वतःचाच गेल्यासारखा आजूबाजूला बघतो. असा प्रशिक्षक पैसे मोजून मिळत नाही. कालच म्हणाले, "टेकअवे आता बरा आहे तुमचा. पुढच्या रविवारपासून डाउनस्विंग घेऊ." तो पाव सेकंदाचाच असतो, व्याख्यानही त्याच प्रमाणात असावं, एवढी एक विनंती मी त्यांच्या सौभाग्यवती ताईंमार्फत पोचवली आहे.