व्याघ्रदर्शनाचा बंदोबस्त

वाघ पाहावयाचा म्हणजे पूर्वी माणसास रानात जावे लागत असे. हल्ली त्यास प्रथम बाजारात जावे लागते. आमचे एक स्नेही, ज्यांनी आजवर गच्चीवरच्या मांजरासही निरखून पाहिल्याचे ऐकिवात नाही, ते यंदाच्या उन्हाळ्यात सहकुटुंब ताडोबास जाण्याचा मनसुबा जाहीर करून बसले असून, त्या मोहिमेप्रीत्यर्थ खाकी पोशाख, रुंद काठाच्या टोप्या, दुर्बिणी आणि बुरुजावर चढवून ठेवावे अशा आकाराचे कॅमेऱ्याचे भिंग इतका सरंजाम त्यांच्या दिवाणखान्यात येऊन पडलेला आहे. त्यात वाघाविषयीचे एकही पुस्तक नाही, ही बाब आम्ही संकोचामुळे निदर्शनास आणली नाही.

मुक्कामाची तजवीज त्याहून थोर आहे. मोहर्लीच्या प्रवेशद्वारानजीक त्यांनी जी ‘कुटी’ पसंत केली, तिच्या भिंती मातीने लिंपलेल्या, छप्पर गवताचे आणि ओसरीवर कंदील टांगलेला असून, आत मात्र वातानुकूलन, संगमरवरी न्हाणीघर व पाठीमागे केवळ त्या कुटीपुरता राखून ठेवलेला पोहण्याचा हौद आहे. शेजारच्या गावात ज्याच्या हाती चार पैसे आले त्याने गवत उतरवून पत्रे घातले आणि मातीच्या जागी सिमेंट आणले. इकडे त्याच्या टाकून दिलेल्या घराची नक्कल, तो महिनाभर राबून मिळवील त्याहून अधिक रकमेस एका रात्रीपुरती भाड्याने जाते. दारिद्र्याचे सौंदर्य मनसोक्त उपभोगावयाचे तर ते मुळात स्वतःच्या वाट्यास आलेले नसावे लागते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघांचा वावर असतो, आणि तेथे त्यांच्या दर्शनास शुल्क पडत नाही, असे आम्ही सहज सुचविले. परंतु राखेच्या ढिगाऱ्यापाशी दिसलेला वाघ हा स्नेह्यांच्या मते वाघच नव्हे.

सरकारदरबारची बाजू त्यांनी चोख सांभाळली आहे. मंगळवारी उद्यान बंद असते, १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभा क्षेत्राचे दरवाजे लागतात, एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, ओळखपत्रावरील नाव आणि आरक्षणावरील नाव यांत काना-मात्रेचाही फरक चालत नाही, भ्रमणध्वनी आत नेण्यास मनाई आहे, हे सर्व त्यांनी अर्जदाराच्या निष्ठेने टिपून ठेवले. हे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, राज्यातील सर्वांत जुने. आज गाभा आणि बफर मिळून व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर भरते, आणि गाभ्याचा एक पंचमांशाहून अधिक भाग पर्यटनास खुला करता येत नाही. म्हणजे या साऱ्या करारावर वनखात्याची, वाहनमालकाची, हॉटेलवाल्याची व पाहुण्यांची मंजुरी झाली असली, तरी ज्याच्या हजेरीवर करार उभा आहे तो पक्षकार उरलेल्या चार पंचमांशांत स्वस्थ पडून राहिल्यास त्याच्यावर समन्स बजावण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. स्नेह्यांना हा कायद्यातील गंभीर दोष वाटतो.

तूर्त त्यांचा अभ्यास ताडोबाच्या वाघांच्या वंशावळींचा चालू आहे. माया, मटकासुर, वाघडोह या नावांचा उच्चार ते आता ज्या आदराने करतात, तो आदर त्यांच्या सख्ख्या आत्याबाईंच्या वाट्यास कधी आलेला नाही. सांबराने किंवा वानराने धोक्याची हाक दिली की वाटाड्या ‘कॉल आला’ म्हणतो, हेही त्यांनी पाठ केले असून, तो येताच चालकाने गाडी कोठे घुसवावी याविषयीच्या सूचना त्यांनी आगाऊ लिहून ठेवल्या आहेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या अखेरीस अशाच उत्साही जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे ऐकून स्नेह्यांनी एवढेच विचारले की, त्या दिवशी छायाचित्रे कशी आली. रानगवा, रानकुत्रे, अस्वल यांची नावे त्यांच्या टिपणात ‘वाघ न दिसल्यास’ या सदराखाली, बारीक अक्षरात आहेत.

ताडोबा तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली तारू या गोंड देवाचे ठाणे आहे. तो गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना मारला गेला आणि देवपदास पोचला, अशी तेथील आख्यायिका असून पौषात त्याची जत्रा भरत आली आहे. वाघापुढे माणूस देव होण्याचे ते दिवस गेले. आता चैत्रात मोहफुले वेचावयास आणि पुढे तेंदूपत्ता तोडावयास जी माणसे बफरच्या रानात शिरतात, ती पाहुण्यांच्या जिप्सीप्रमाणेच पहाटे निघतात, परंतु पायी, ओणवी व आरक्षणावाचून. त्यांच्यातील कोणाची वाघाशी गाठ पडलीच, तर देवत्वाऐवजी पंचनामा होतो व वारसांना नुकसानभरपाईसाठी दाखले गोळा करीत कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

जाण्याच्या आठवडाभर आधी अशीच एक बातमी स्नेह्यांच्या वाचनात आली: मोहफुले वेचणारी एक बाई, बफर क्षेत्र, सकाळची वेळ. ते खरोखर व्यथित झाले. त्यांनी तत्काळ हॉटेलच्या व्यवस्थापकास दूरध्वनी लावून, या दुर्दैवी प्रकारामुळे आपली सकाळची फेरी रद्द तर होणार नाही ना, आणि आपल्या कुटीच्या कुंपणात वीजप्रवाह रात्रभर चालू असतो ना, अशी पृच्छा केली. कुंपणाविषयी त्या सद्गृहस्थाने निःशंक हमी दिली. फेरीविषयी तर तो म्हणाला की, काळजीचे कारणच नाही, उलट त्या बाजूस वाघाचा मुक्काम असल्याचे आता सरकारी पंचनाम्यानेच शाबीत झालेले आहे. स्नेह्यांनी त्याच प्रवेशद्वारावरची आणखी एक फेरी वाढवून घेतली.