सुनेला मुलगी मानू नका

नव्याने सासू-सासरे झालेले बहुतेक जण आल्यागेल्याला सांगतात, ‘आम्ही सुनेला मुलगीच मानतो.’ घोषणा गोड असली, तरी अंमलबजावणीत गोची आहे. मुलीला आपण हक्काने कामं सांगतो, हक्काने टोकतो आणि न विचारता तिचं कपाट आवरतो. म्हणून हे सुधारित सूत्र: सुनेला जावई माना. मानपानाची नियमावली घरात तयारच आहे, फक्त लाभार्थी वाढवायचा.

१. येणं-जाणं: जावयाकडे जायचं तर आपण आठवडाभर आधी फोन करतो, ‘तुमच्या सोयीने हं’ म्हणतो आणि परतीचं तिकीट काढूनच निघतो. मुलगा-सून राहतात त्या फ्लॅटची जादा किल्ली मात्र आपल्या पर्समध्ये असते. ती परत करावी.

२. स्वयंपाक: जावयाने चहा केला की त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो. साखर विसरली असेल, तर ‘या वयात बिनसाखरेचाच बरा’ असं एकमताने ठरतं. सुनेच्या आमटीलाही हाच न्याय लावावा. ‘आमच्याकडे गोडा मसाला घालतात’ हे वाक्य गिळायला जड जातं. वर ताक प्यावं.

३. चौकशी: ‘गोड बातमी कधी?’ हे जावयाला विचारून पाहावं. जीभ रेटत नसेल, तर सुनेलाही विचारू नये.

४. अधिक महिना: साधारण पावणेतीन वर्षांनी हा पेपर येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावई साक्षात विष्णू. त्याला ३३ अनारशांचं वाण, वर दिवा. सून तेव्हा तुपाच्या कढईपुढे असते. तांदूळ तीन दिवस भिजवून केलेले अनारसे तुपात हसतील की काय, या धास्तीत. हसलेच, तर त्या दिवशी स्वयंपाकघरात हसणारे तेवढेच. पुढच्या खेपेला वाणं दोन काढावीत.

५. अतिरेक: सुभाषितकारांनी जावयाला दहावा ग्रह म्हटलं आहे. बीड जिल्ह्यातल्या विडा गावाने त्यावर उतारा काढला: धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवायचं आणि मग नवे कपडे करायचे. सुनेसाठी असा उतारा शोधू नये. तिची मिरवणूक नातेवाइकांत बारमाही चालू असते, तीही मानाच्या कपड्यांविना.

शंकासमाधान: ‘सूनही जावई झाली, तर घरात हक्काने काम सांगायचं कोणाला?’ मुलगा आहे की. त्यालाही आपण लहानपणापासून जावयासारखंच वाढवलंय, एवढीच काय ती अडचण.