डॉक्टरांची, एकहाती, कमी चाललेली: जुन्या सेदानच्या सन्माननीय दलालांस अनावृत पत्र

प्रति,
वर्धा, हिंगणघाट, पुलगाव व आर्वी येथील जुन्या मोटारींचे समस्त दलाल यांस

विषय: मध्यम आकाराच्या कौटुंबिक सेदानचे मूल्यमापन आणि त्या शास्त्रात आपण घातलेली मोलाची भर

महोदय,

वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात वर्धा जिल्ह्याचे स्थान मोठे आहे हे सर्वमान्य असले, तरी त्या स्थानाचा जुन्या मोटारींच्या बाजारावर झालेला परिणाम अभ्यासकांच्या नजरेतून आजवर निसटला आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, १९९० साली सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि त्याचा परिणाम म्हणून की काय, आज या जिल्ह्यात विक्रीस येणारी प्रत्येक जुनी सेदान डॉक्टरांची असते, पहिल्याच मालकाची असते, एकहाती असते, आणि घर ते दवाखाना यापलीकडचा रस्ता तिने पाहिलेला नसतो. दोन्ही महाविद्यालयांतील झाडून साऱ्या अध्यापकांनी दर दसऱ्याला गाडी बदलली, तरी आपल्या आवारात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या गाड्यांचा हिशेब जुळणार नाही. हा हिशेब आपण ज्या सहजतेने जुळवता, त्याची दखल घेण्यासाठी हा पत्रप्रपंच.

प्रथम वस्तूची ओळख करून देणे आवश्यक आहे. सेदान म्हणजे जिची डिकी प्रवाशांच्या कक्षापासून वेगळी असून मागे स्वतंत्र पेटीसारखी बाहेर आलेली असते अशी चारचाकी. आणि मध्यम आकाराची म्हणजे जिची लांबी साधारणतः ४.४ ते ४.६ मीटर भरते अशी. १९९८ साली भारतात आलेली होंडा सिटी, २००६ सालची ह्युंदाई व्हर्ना, २०१४ ची मारुती सियाझ आणि २०२२ साली आलेल्या स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टस ही या जातीची परिचित नावे होत. चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना कराची सवलत २००६ पासून मिळत आली असून, २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के तर मध्यम सेदानवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर वेगळा, जो पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के पडतो. ज्यांना हे परवडते त्यांचे मन उंच बांध्याच्या गाड्यांवर गेले आहे, सियाझचे उत्पादनही २०२५ साली थांबले, आणि त्यामुळे चांगल्या स्थितीतील जुनी सेदान नव्या छोट्या गाडीहून स्वस्त मिळू लागली आहे. ऐसपैस मागची बैठक, मोठी डिकी आणि दारात उभी राहिल्यावर येणारा भारदस्तपणा इतक्या कमी पैशांत अन्यत्र मिळत नाही, म्हणूनच शिक्षक, कारकून, बागायतदार आणि निवृत्त कर्मचारी आपल्या दारी येतात.

प्रस्तुत पत्रास निमित्त झालेला व्यवहार याच वर्गातला आहे. देवळी तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकाच्या कुटुंबाने साडेचार लाख रुपये मोजून दहा वर्षांची पांढरी सेदान घेतली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आधारभूत किंमत जाहीर झाली होती हे लक्षात घेता, ही रक्कम ५५ क्विंटलहून अधिक कापसाची होते, आणि तीही तो कापूस त्या भावाने विकला गेला तर. गाडी अर्थातच डॉक्टरांची होती व मीटरवर ४१,००० किलोमीटर होते. पुढे गिअर बदलताना खरखर येऊ लागली, गाडी अधिकृत सेवा केंद्रात गेली, आणि तेथील नोंदीत असे आढळले की याच चेसिस क्रमांकाच्या गाडीने चार वर्षांपूर्वीच १,१८,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडलेला होता. काळ उलटा वाहू शकतो काय, या प्रश्नावर पदार्थवैज्ञानिक अजून वाद घालत असताना आपण तो विषय एका दुपारी, एका छोट्या यंत्राच्या साहाय्याने, निकालात काढलात.

ओडोमीटर, म्हणजे गाडीने एकूण किती अंतर कापले हे दाखवणारे मापक, पूर्वी दातेरी चाकांचे असे आणि ते मागे फिरवायला हाताचे कौशल्य लागे. आता हा आकडा एका लहानशा चिपमध्ये साठवलेला असतो व संगणकाला जोडलेल्या यंत्राने तो पुन्हा लिहिता येतो. काही गाड्यांत हाच आकडा इंजिनाच्या नियंत्रकात किंवा अन्य भागांतही नोंदलेला राहतो, त्यामुळे निदान यंत्र लावणारा जाणकार मिस्त्री तफावत पकडू शकतो. पण आपल्या आवारात असा मिस्त्री घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला "विश्वास नसेल तर राहू द्या" असे ऐकवले जाते, आणि भिडस्त माणूस आपल्याच संशयाची लाज वाटून गप्प बसतो.

या लबाडीचा खरा गुण तिच्या टिकाऊपणात आहे. डॅशबोर्डला लावलेले पॉलिश आठवडाभरात उतरते, नव्या सीटकव्हरखालचे जुने डाग पहिल्या उन्हाळ्यात दिसू लागतात, आणि गाडी कागदोपत्री कितव्या मालकाची हे वाहन नोंदणीच्या सरकारी प्रणालीत मालकाचा अनुक्रम पाहिला की कळते. मीटरचा खोटा आकडा मात्र व्यवहारानंतरही गाडीतच राहून नव्या मालकाला रोज सल्ला देत असतो. गिअरबॉक्सचे तेल, ब्रेकचे द्रव, स्पार्क प्लग, सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे खड्ड्यांचे धक्के शोषणाऱ्या सांध्यांतील गाद्या, हे सारे ठरावीक अंतरानंतर बदलायचे असते आणि ते अंतर मालक मीटरवरूनच मोजतो. काही डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा व दट्टे यांचा ताल सांभाळणारा रबरी पट्टा असतो. तो मुदतीनंतर तुटला तर झडपा दट्ट्यांवर आदळून इंजिनच निकामी होते. ४१,००० वाचणारा माणूस या पट्ट्याची चिंता करीत नाही. त्याला चिंता करण्याचे कारण आपण पुसून टाकलेले असते.

या जिल्ह्याला पारख नवी नाही. आर्वी-कारंजा परिसर गौळाऊ जातीच्या पांढऱ्या, चपळ बैलांसाठी प्रसिद्ध असून हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे केंद्र आहे. बैलबाजारात शेतकरी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ठरवतो, त्याला चालवून खुरांची ठेवण पाहतो, खांद्यावरची गाठ चाचपतो आणि मगच दलालाच्या रुमालाखाली बोटे देतो. दलाल तिथेही असतो व कमी बोलतो असे नाही. पण बैलाचे दात मागे ढकलण्याचे यंत्र त्याच्याकडे नाही, आणि तोंड उघडू पाहणाऱ्या शेतकऱ्याला "विश्वास नसेल तर राहू द्या" असे म्हणण्याची त्याची हिंमत होत नाही.

गाडीलाही दात असतात, फक्त ते कुठे पाहायचे हे ठाऊक हवे. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, ज्यातील पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१७ याचा अर्थ २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ४१,००० चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसावे आणि स्टिअरिंगचे कातडे घासून चकाकू नये. दारे, बॉनेट व पुढचे मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या रंगावर पान्याचे व्रण दिसले तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे. एप्रन व पिलर, म्हणजे इंजिनाभोवतीचा व छताला तोलणारा मूळ सांगाडा, यांवर कारखान्याची ठिपक्यांची वेल्डिंग एकसारखी नसेल तर गाडी मोठ्या अपघातातून गेलेली असू शकते. इंजिन सकाळी पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे, कारण धूर निळा असेल तर तेल जळते आहे आणि पांढरा धूर थांबतच नसेल तर शीतक द्रव आत शिरतो आहे. आपण गाडी नेहमी गिऱ्हाईक येण्यापूर्वीच गरम करून का ठेवता, याचे उत्तर मागच्या वाक्यात आहे.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरून असंख्य मोटारी बुडाल्या, त्यानंतर विकल्या गेलेल्या नागपूर पासिंगच्या गाडीचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचा डाग पाहू देण्यास आपली हरकत नसावी. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरल्यास इंधनाच्या रबरी नळ्यांवर काय परिणाम होऊ शकतो, हा विषय आपण कधी काढत नाही. गाडीचे पोट व रस्ता यांतील अंतर या जातीत १६५ ते १८० मिलिमीटर असते आणि चार माणसे व सामान भरल्यावर गावातल्या गतिरोधकांवर ते घासते, हे आपण सांगत नाही. वातानुकूलन यंत्राची चाचणी मात्र आपण डिसेंबरात आनंदाने देता.

टायरांची गोष्ट या यादीत बसत नाही. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू आहे, आणि मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ज्या कुटुंबाला आपण गाडी विकता ते पहिल्याच सुट्टीत शिर्डीला निघते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर आठ वर्षांचे, कडेला भेगा गेलेले, काळा रंग फासून चमकवलेले टायर किती वेळ टिकतील याचा विचार आपण केला आहे काय? मागच्या बैठकीवर नातवंडे असतात. रंगाची ती बाटली फासणाऱ्या हाताला हे ठाऊक असते आणि तरी तो फासतो, याला व्यापारी चातुर्य म्हणणे हा चातुर्याचा अपमान आहे. हा निर्लज्जपणा आहे.

कागदपत्रांविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते, आणि त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेणे व आपल्या ताब्यात आलेल्या प्रत्येक गाडीची सूचना देणेही बंधनकारक आहे. आपल्या कपाटात मात्र कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून निघून गेलेल्या मालकांची चळत असते आणि गाडी तीन हात फिरली तरी कागदोपत्री पहिल्याच डॉक्टरांची राहते. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक व अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा डॉक्टरांची गाडी म्हणून आपण जे सांगता ते कायद्याच्या दृष्टीने दुर्दैवाने खरे ठरते.

इतके लिहून झाल्यावर न्यायबुद्धीला एक गोष्ट टाळता येत नाही. आपल्याच आवाराच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली याच जातीची एक करडी सेदान पावसाळ्यापासून उभी आहे. तिच्या मीटरवर १,४३,००० हा खरा आकडा आहे, सेवा केंद्राच्या सर्व पावत्या तिच्या डिकीत आहेत, गिअरबॉक्सचे तेल वेळेवर बदललेले आहे आणि टायर नवे आहेत. जाणकाराने दोन्हींतून निवडायची तर तीच निवडावी, आणि गिऱ्हाईक काचेतून आकडा वाचून दोन पावले मागे सरते. देवळीच्या कुटुंबालाही ती प्रथम दाखवली गेली होती आणि "फार चालली आहे" म्हणून नाकारली गेली होती. ज्या बाजारात देखभालीला किंमत नाही व आकड्याला आहे, त्या बाजारात आकडा बनवणारे हात निर्माण होणारच, आणि ते हात बहुधा पूर्वी गॅरेजमध्ये पाने उचलणाऱ्या, दुकानभाडे व सावकाराचे व्याज भरता भरता दमलेल्या माणसाचे असतात. शिवाय आकडा मागे घ्या असे सुचवणारे पहिले मालक नेहमी अशिक्षित असतात असे नाही. गाडी देताना चार पैसे जास्त यावेत म्हणून तेही डोळे मिटून घेतात, आणि बदनाम मात्र आपण एकटे होता. एवढ्यापुरती आपल्याविषयी सहानुभूती व्यक्त करणे भाग आहे. टायरांच्या बाबतीत ती लागू नाही.

तेव्हा मागण्या मोजक्या आहेत. इंजिन थंड ठेवावे, गिऱ्हाइकाचा मिस्त्री आत येऊ द्यावा, टायरचे चार अंक झाकू नयेत, पैशांपूर्वी नमुना २९ व ३० वर घेणाऱ्याचे नाव लिहावे, आणि मीटरशेजारी सेवा केंद्राच्या शेवटच्या नोंदीची प्रत चिकटवावी. ही प्रत चिकटवलेली गाडी महिनाभर पडून राहणार नाही, याची हमी हे पत्र देऊ शकत नाही, कारण ती हमी गिऱ्हाइकांनी द्यायची आहे आणि त्यांचे वर्तन आजवर तसे राहिलेले नाही. एवढे मात्र ठरले आहे की देवळीच्या त्या घरातून पुढे जो कोणी गाडी घ्यायला निघेल, तो नोंदणी क्रमांक घेऊन प्रथम सेवा केंद्रात जाईल आणि नंतर आपल्याकडे येईल. डॉक्टरांचे नाव त्याला सांगू नये.

आपला,
जिल्ह्यातील एक गिऱ्हाईक